घरात उरलेलं महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्यात २५ लाख माणसं होती. त्यांतली सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. त्याआधीच्या, १९१४ ते १९१८च्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार तिकडेच संपले. हे आकडे मराठी वाचकाला आपले वाटत नाहीत. बेचाळीस म्हटलं की आपल्याला गवालिया टँक आठवतो, चले जाव आठवतं. त्याच बेचाळीसच्या जूनमध्ये लिबियातल्या तोब्रुकला मराठा पलटणीची दुसरी बटालियन रोमेलच्या फौजेच्या हाती सापडली आणि त्या जवानांच्या घरांत आता काय होणार या विचाराने चुली थंडावल्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही.

याचं कारण समजण्यासारखं आहे. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून ज्या सातारा जिल्ह्यात चाललं, त्याच जिल्ह्यातून मराठा पलटणींना वर्षानुवर्षं माणसं मिळत आली होती. एकाच गावातला एक पोरगा रात्री भूमिगतांना भाकरी पोचवत होता आणि दुसरा इटलीतल्या चिखलात रायफल पुसत होता. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच्या गोष्टीला सभा मिळाल्या, ताम्रपट मिळाला. दुसऱ्याला पेन्शनचा कागद मिळाला. इंग्रजांच्या बाजूने लढलेला बाप आपल्या मुलाला ती लढाई कुठल्या अभिमानाने सांगणार? आणि ज्याने ती भोगली, त्याने ती न सांगता राहायचं तरी कसं?

या लेखात मला या दुसऱ्या प्रकारच्या आठवणींचा आढावा घ्यायचा आहे. आईवडिलांनी सांगितलेलं, अर्धवट सांगितलेलं आणि पोटातच ठेवलेलं युद्ध. बरीच वर्षं अशा गोष्टी ऐकल्यावर, वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. घरातली आठवण किती पिढ्या टिकते हे प्रसंग किती भयंकर होता यावर ठरत नाही. ती ऐकून घ्यायला घराबाहेर कुणी होतं का, यावर ठरतं.

मुंबईपासून सुरुवात करू, कारण प्रत्यक्ष रणभूमीपासून हजारो मैल दूर असूनही युद्ध मराठी घरात शिरलं ते तिथे. २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर जपानी बाँब पडले. पुढच्या एप्रिलमध्ये कोलंबो आणि विशाखापट्टणमवर पडले. आता मुंबई, असं जो तो म्हणू लागला. चाकरमान्यांनी बायकामुलांना कोकणात, घाटावर गावी धाडलं. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटल्या, दिव्यांना काळी झाकणं आली, जिन्याखाली वाळूच्या बादल्या आल्या. मे १९४३ मध्ये शहरात रेशनिंग सुरू झालं. दोन वर्षं बाँबची वाट पाहून लोक कंटाळले, गावी गेलेली बायकामुलं परत आली, आणि मग १४ एप्रिल १९४४ उजाडला. शुक्रवार होता.

‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या, तेलाची पिंपं होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात भरण्याचा हा निर्णय युद्धाच्या घाईतला. दुपारी धूर दिसला. बंब आले, पाणी मारणं सुरू झालं, पण जहाज बाहेर समुद्रात न्यायचं की तिथेच बुडवायचं हे ठरेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेजारचं ‘जलपद्म’ नावाचं जहाज उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळलं. अर्ध्या तासाने दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. मृतांचा सरकारी आकडा सातशेच्या पुढेमागे आहे, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले.

माझी मोठी मावशी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मांडवीजवळच्या एका चाळीत राहत होती. तिच्या तोंडून ही गोष्ट आम्ही भावंडांनी कितीदा ऐकली असेल. आधी घरातली भांडी फळीवरून एकदम खाली आली. मग ती गॅलरीत धावली तर आकाशातून जळता कापूस पडत होता, दोरीवरच्या धोतरावर, शेजारणीने वाळत घातलेल्या कुरडयांवर, खाली उभ्या असलेल्या बैलगाडीच्या गवतावर. तिच्या आईने चहाचं आधण तसंच टाकलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि तीन पोरांना घेऊन दादरच्या नातेवाइकांकडे चालत निघाली. दोन दिवसांनी परत आल्या तेव्हा चौकटच जागेवर नव्हती. ती किल्ली तिच्या आईने मरेपर्यंत देवाच्या पेटीत ठेवली. मावशीचे वडील एका पेढीवर कारकून होते. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. त्या रात्री त्यांनी काय पाहिलं हे त्यांनी बायकोला सांगितलं असेल, मुलांना कधीच नाही. मावशीला जे ठाऊक होतं ते सगळं आईकडून आलेलं.

आणि मावशी शेवटपर्यंत सांगायची, ‘जपान्यांनी बाँब टाकला.’ आम्ही तिला पुस्तकं दाखवली, जहाजाचं नाव सांगितलं. ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा जपान्यांचा बाँब. असं म्हणणारी ती एकटी नाही. त्या दिवसाची आठवण असलेल्या कितीतरी मुंबईकर घरांत हाच खुलासा आहे. याला म्हातारपणातली गफलत म्हणून सोडून देणं मला पटत नाही. युद्धकाळातल्या सेन्सॉरने या स्फोटाची सविस्तर बातमी छापू दिली नाही. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगून टाकली, पण मुंबईच्या पत्रकारांना लिहायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ महिनाभर शहराला आपल्यावर काय कोसळलं हे अधिकृतपणे कुणी सांगितलंच नव्हतं. मग लोकांनी ज्याची दोन वर्षं धास्ती घेतली होती, तेच घडलं असं धरलं. घरच्या आठवणीतली चूक अशी नीट पाहिली तर त्या काळची भीती आणि त्या काळची मुस्कटदाबी दोन्ही तिच्यात दिसतात. कागदपत्रांतून स्फोटाचं कारण कळतं. नऊ वर्षांच्या मुलीला त्या रात्री दादरच्या वाटेवर काय वाटत होतं, ते फक्त त्या चुकीतून कळतं.

सोन्याच्या विटांचं असंच झालं. जहाजावर प्रत्येकी २८ पौंडांच्या विटा होत्या आणि त्यांतली एक मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या छपरातून आत पडली, हे खरं. त्याने ती परत केली, हेही खरं. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या. पण गिरगाव-मांडवीच्या घराघरांत एक शेजारी असतो, ज्याला वीट सापडली आणि ज्याने ती गुपचूप विकून पुण्याला बंगला बांधला. सोन्याची गोष्ट सांगायला सोपी, पाहुण्यांसमोरही चालते. बायकांनी सांगितलेल्या आठवणींत मात्र सोनं कमी आणि धान्य जास्त येतं. गोदामांतला हजारो टन धान्यसाठा जळाला, आणि रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभं राहणाऱ्या आईला तो वास विसरता आला नाही.

या स्फोटाची सार्वजनिक आठवण एका बाजूने जपली गेली. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, भायखळ्याला त्या ६६ जणांना मानवंदना दिली जाते. त्यांच्या कुटुंबांना दरवर्षी एक दिवस तरी बोलायला जागा असते. त्या दुपारी धक्क्यावर पाठीवर ओझी वाहणाऱ्या रोजंदारीच्या हमालांना तसं कुणी नाही. त्यांतले बरेच घाटावरून आलेले. कोणत्या मुकादमाच्या टोळीत त्या दिवशी किती माणसं होती याचा पक्का हिशेबही नव्हता. गावाकडे त्यांच्या मरणाची बातमी आली ती मनिऑर्डर न येण्यातून.

मनिऑर्डर थांबणं हा कोकणातल्या युद्धस्मृतीचाही गाभा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले हिंदू-मुसलमान खलाशी आणि गोव्यातले खानसामे, स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर होते. जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा त्यांतली इंजिनखोलीत कोळसा टाकणारी माणसं सर्वांत खाली असत, आणि पाणी भरायला लागलं की वर यायला त्यांनाच सर्वांत कमी वेळ मिळे. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक-दालन आहे. तिथल्या नोंदवहीत दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नावं आहेत. मुंबईत आयुष्य काढलेल्या किती जणांना हे दालन माहीत असेल, मला शंका आहे.

खलाशाच्या घरात आठवणीची अडचण वेगळी होती. प्रेत नाही, जागा नाही, तिथीही नाही. कंपनीच्या पत्रात ‘बेपत्ता’ एवढंच. बायकोने कुंकू कधी पुसायचं? दिवस कुठल्या तिथीला घालायचे? पुष्कळ हिंदू घरांनी त्यावर आपल्या शास्त्रातली तोड काढली. तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात, तसं यांचं केलं. त्यामुळे नातवंडांपर्यंत जी गोष्ट पोचली ती अशी: आमचे एक आजोबा बोटीवर गेले, त्यांचं पान सर्वपित्रीला असतं. बोटीचं नाव नाही, समुद्राचं नाव नाही, साल नाही. पण पान चुकलेलं नाही.

ब्रह्मदेशातून पायी आलेल्यांबद्दल इथे थोडक्यातच लिहितो. १९४२च्या पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच लाख भारतीय आराकानच्या खिंडीतून, तामू-मणिपूरच्या वाटेने आणि हुकाँगच्या दऱ्यांतून चालत निघाले आणि त्यांतले हजारो वाटेतच मेले. ही आठवण सर्वांत दाट आहे ती तमिळ, तेलुगू, बंगाली आणि ओडिया घरांत. त्यांत मराठी माणसं कमी होती. गोव्याची तर गंमतच वेगळी. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगाव बंदरात जर्मन जहाजं निवांत उभी होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या हौशी घोडदळाच्या मध्यमवयीन इंग्रजांनी एका रात्री ‘एहरेनफेल्स’वर छापा घातला आणि बाकीच्या जहाजांच्या खलाशांनी आपलीच जहाजं बुडवली. वास्को-मुरगावच्या म्हाताऱ्यांना त्या रात्रीचे पेटलेले लोळ आठवत. कशामुळे, ते कुणाला कळलं नव्हतं, कारण ब्रिटिशांनी ही गोष्ट कित्येक वर्षं दडवून ठेवली.

आता शिपायांच्या घरांकडे येतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी काशाची एक चकती पाठवली. भारतीय शिपायांच्या घरीही ती आली. जेवणाच्या वाटीच्या तोंडाएवढी, जड. एका बाजूला ब्रिटानिया आणि सिंह, आणि चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, फक्त नाव. माण-खटावकडच्या एका घरात मी ती हातात घेतली आहे. कडा गुळगुळीत झालेली, कारण वर्षानुवर्षं ती पोथीवर वजन म्हणून ठेवलेली होती. ज्या बाईच्या नवऱ्याची ती, तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठीही नाही. तरी ती उलटी ठेवायची नाही, हे तिने सुनांना बजावून ठेवलेलं, आणि ते अजून पाळलं जातं.

हे नाव किती महत्त्वाचं होतं ते बसऱ्याच्या स्मारकावरून कळतं. मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचं ते स्मारक. इंग्रज शिपायाचं नाव दगडावर कोरलेलं. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने आपल्या २०२१च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. याच मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून पाच महिने वेढलं होतं. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपला, घोडे कापावे लागले. शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि सेनापतीला हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, आणि त्यानंतर वाळवंटातल्या कैदेच्या वाटेवर हजारो मेले. माणदेशात दुष्काळ पाहिलेल्या माणसाला उपासमार नवी नव्हती. पण परत आलेल्यांनी कुतबद्दल घरात सांगितलं ते बहुतेक एवढंच, की घोडं खाल्लं की नाही. जात जाते की राहते, या प्रश्नापुढे बाकीचं युद्ध गावाला विचारायचं सुचलं नाही. त्यामुळे ज्याने खाल्लं त्यानेही ‘नाही’ म्हणून सांगितलं असणार, आणि त्या एका उत्तरानंतर पुढचं काही सांगायची वाट बंद झाली.

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाचं वेगळं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले, सरकारने तिथे स्मारक उभारलं, आणि गावाने सैन्यात जायची परंपरा इतकी चालू ठेवली की गावाचं नावच आपशिंगे मिलिटरी झालं. तिथे घरातल्या आठवणीला गाव ऐकणारं आहे. पोराने विचारलं नाही तर शेजारचा सुभेदार सांगतो. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तिथेही तसंच. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या नाईकाने आपली तुकडी कोसळल्यावर एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या पत्नीच्या हाती आला. पण असे पुतळे किती? इटलीत गेलेल्या बाकीच्या मराठा जवानांच्या मुलांना ‘वडील इटलीत होते’ एवढंच ठाऊक आहे. कुठल्या नदीवर, कुठल्या महिन्यात, शेजारी कोण होतं, काही नाही.

शेजारी कोण होतं याचं एक उत्तर मला फार विलक्षण वाटतं, आणि ते कोल्हापूरजवळ सापडतं. १७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत आणि नंतर आणखी तीन वेळा तिथल्या लाखो पोलिश लोकांना अर्ध्या तासात घर सोडायला लावून गुरांच्या डब्यांतून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर, १९४१च्या जुलैत, स्टॅलिनने त्यांना सोडायचं मान्य केलं. जनरल अँडर्सच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभं राहिलं आणि त्याच्याबरोबर हजारो बायकामुलं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथून काही पोरकी मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला तिथे आली. आणि सुमारे पाच हजार जण, बहुतेक आया आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे छावणीत आली. क्षयाच्या रुग्णांना पाचगणीला ठेवलं गेलं.

वळिवड्यात पाच वर्षं एक छोटं पोलंड नांदलं. शाळा, चर्च, स्काऊट, नाटकं, सगळं होतं. या मुलांचे बाप तेव्हा अँडर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते. १८ मे १९४४ला मोंते कासिनोचा मठ त्यांनी घेतला. आणि ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवरचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला, तेव्हा एका बाजूने पोलिश कोअर आणि दुसऱ्या बाजूने आठवी भारतीय डिव्हिजन एकाच दिवशी त्या बांधावर चढली. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी त्याच दिवशी, त्याच नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. म्हणजे मराठी शिपाई आणि वळिवड्यातल्या मुलांचे बाप एका आघाडीवर लढत होते, आणि त्या मुलांच्या आया कोल्हापूरच्या बाजारात वांगी घेत होत्या.

पुढे काय झालं ते या आढाव्यात सर्वांत बोलकं आहे. याल्टाच्या परिषदेत पूर्व पोलंड रशियाकडे गेला, त्यामुळे वळिवड्यातल्या बहुतेकांना परत जायला घरच उरलं नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बरेच जण इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, काही पोलंडला परतले, आणि काही मुलींनी इथल्याच तरुणांशी लग्नं करून कोल्हापूर हेच घर केलं. जे पोलंडला गेले त्यांना कम्युनिस्ट राजवटीत सायबेरियाचं नाव काढायची सोय नव्हती. आईने मुलाला सांगितलं आणि मुलाने शाळेत बोलून दाखवलं तर नोकरीवर गदा. म्हणून आयांनी सांगितलंच नाही. पुष्कळ मुलांना आपली आई कधीकाळी भारतात होती हे १९८९ नंतर कळलं. लंडनला गेलेल्यांनी मात्र आपली संघटना काढली, मेळावे भरवले, एकमेकांच्या आठवणी ताडून पाहिल्या आणि भारतातल्या पोलिश लोकांवर त्या सगळ्या एकत्र करून जाडजूड ग्रंथ काढला. अनुराधा भट्टाचार्जी यांचं या निर्वासितांवरचं इंग्रजी पुस्तक २०१२ला आलं, ते अशा जपलेल्या साक्षींशिवाय होऊच शकलं नसतं. छावणी एक, यातना एक, आया सारख्याच. एका देशात मुलं मुकी वाढली आणि दुसऱ्या देशात त्यांनी ग्रंथ लिहिला.

त्या घरांत न सांगता उतरलेल्याही गोष्टी आहेत. पुढच्या पिढीच्या लिखाणात पाव पुन्हा पुन्हा येतो. शिळा तुकडा आई फेकू द्यायची नाही, उशाखाली काही खायला ठेवून झोपायची, दारावर अवेळी थाप पडली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. पोराला कारण माहीत नसायचं, सवय मात्र लागायची. मरियान हिर्श या अभ्यासिकेने, स्वतः न भोगलेली पण आईवडिलांकडून अंगात मुरलेली ही आठवण अभ्यासाचा विषय केली, ती ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांवर काम करताना. हे वाचताना मला आमच्याकडची ती काशाची चकती आठवते, आणि सर्वपित्रीचं पान आठवतं.

२०१९ला वळिवड्यात पोलिश निर्वासितांचं स्मारक उभं राहिलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. फार चांगलं झालं. पण त्याच छावणीच्या जागेवर आज गांधीनगर आहे, कापडाची मोठी बाजारपेठ. पोलिश लोक गेल्यावर त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. त्यांनी काय सोसलं ते त्यांच्या नातवंडांनाही नीट विचारलं गेलेलं नाही, आणि आपण कोल्हापूरकर तर त्यांच्या दुकानांतून लग्नाचा बस्ता बांधून परत येतो.

आपल्या भाषेत हे लिहिलंच गेलं नाही असं नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ला, युद्ध पेटत असतानाच आली आणि युरोपातून पळणाऱ्या ज्यू माणसाचं दुःख मराठीत आणून गेली. पण ती परक्या घराची गोष्ट होती. आपल्या घराची गोष्ट लिहायला पुढच्या पिढ्या बसल्या नाहीत. इंग्रजीत रघू कर्नाड यांनी २०१५ला ‘फार्देस्ट फील्ड’ लिहिलं ते घरातल्या तीन तरुणांच्या जुन्या फोटोंवरून. शंतनू दास यांनी पहिल्या महायुद्धातल्या भारतीयांवर लिहिताना घराघरांतल्या वस्तू, पत्रं, चष्मे, गाणी पुराव्यासारखी वापरली. हे काम साताऱ्यात, रत्नागिरीत, कोल्हापुरात, नगरात कुणी का करू नये? त्याला मोठी संस्था लागत नाही, पण घाई लागते. ज्यांनी १९४४चा स्फोट लहानपणी पाहिला ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.

१९७१च्या युद्धाबाबतही हेच होऊ घातलं आहे. ९ डिसेंबर १९७१ला ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्या सैनिकांची मुलं आज पन्नाशी-साठीची आहेत, त्यांच्या आया अजून काही घरांत आहेत. त्यांच्या घरी जाऊन बसणं अजून शक्य आहे.

बसायचं तर कसं, याबद्दल एक अनुभवाची गोष्ट सांगतो. ‘युद्धाची आठवण सांगा’ असं म्हटलं की म्हातारी माणसं सभेत बोलल्यासारखं बोलतात. त्याऐवजी त्या महिन्यात घरी काय शिजत होतं, पैसे कोण आणायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, दार कुणी उघडलं, हे विचारावं. बापाबद्दल आईला विचारावं, कारण बापाने बोलून दाखवलेलं बहुतेक वेळा फक्त तिने ऐकलेलं असतं. ट्रंकेतली पदकं उलटून पाहावीत. भारतीय सैनिकांच्या पदकांच्या मागे किंवा कडेला बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मग त्या नंबरावरून राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत शोधावं. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या पुष्कळ मराठी शिपायांच्या नावापुढे तिथे बापाचं, बायकोचं आणि गावाचं नावही दिलेलं आहे. इंग्रज कारकुनाने ते असं लिहिलंय की एकदा वाचून कळत नाही. मोठ्याने दोनतीनदा उच्चारून पाहिलं की गाव ओळखू येतं.